टीव्हीवर व्हिएतनाम, समोर आई-बाबा

फोटो दाखवायचा कार्यक्रम ठरला मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी तीन वाजता, म्हणजे नागपुरात माणूस दाराबाहेर पाय ठेवत नाही तेव्हाचा मुहूर्त. पडदे ओढलेले, कूलर फुल्ल, आणि आईनं आधीच बजावून ठेवलेलं की मोबाईलवर दाखवू नको, मोठ्यावर दाखव, मला चष्मा लावून पण काही दिसत नाही. मी मार्चमध्ये बारा दिवस व्हिएतनामला जाऊन आलो होतो, दा नांग, होई आन, 'मी सॉन' नावाची जुनी देवळं आणि मग रात्रीच्या ट्रेननं न्या चांग, आणि येऊन दोन महिने व्हायला आले तरी घरच्यांनी एक फोटो पाहिला नव्हता, सगळं इन्स्टावरच. अठराशेच्या वर फोटो, त्यातले निवडून, कलर-बिलर करून मी दीडशे वेगळे काढले होते. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिला फोटो अर्थातच कंदिलांचा. होई आनला जाऊन कंदील नाही काढले तर व्हिसाचे पैसे जप्त करतील अशी तिथली परिस्थिती आहे. थु बोन नदीच्या काठचं जुनं बंदर हे, पिवळ्या भिंती, काळपट कौलं, जपानी-चिनी व्यापारी इथं येऊन घरं बांधून राहिले, मग नदीत गाळ साचत गेला, मोठी जहाजं दा नांगला वळली, आणि गावाकडं कोणाचं लक्षच नाही राहिलं म्हणून गाव जसंच्या तसं वाचलं. १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं आणि तेव्हापासून लक्षच लक्ष. त्यांच्या चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे बंद करतात आणि नुसते कंदील ठेवतात, मी नेमका त्या रात्री तिथं होतो, गर्दीत खांद्याला खांदे घासत चाळीस मिनिटं पुलावर उभं राहून तो फोटो काढला होता, आजवरचे सगळ्यात जास्त लाईक त्यालाच.

आई म्हणाली, "छान आहे. पुढं."

मग जपानी पूल. सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानी व्यापाऱ्यांनी बांधायला घेतलेला, वरून छप्पर, पुलाच्याच अंगाला एक छोटं देऊळ, एका टोकाला माकडांच्या मूर्ती आणि दुसऱ्या टोकाला कुत्र्यांच्या. मोठी दुरुस्ती करून २०२४ मध्ये परत उघडला. त्यांच्या वीस हजारच्या नोटेवर हाच पूल आहे, आणि ती नोट माझ्या पाकिटात होतीच म्हणून मी ती काढून दाखवली. इथं पहिल्यांदा आई ताठ बसली. वीस हजारची नोट अशी पाकिटात घेऊन फिरतो का म्हणे! मी सांगितलं की हे आपले सत्तरएक रुपये आहेत. तिनं नोट उलटी-पालटी केली, प्लास्टिकची आहे म्हणाली, आणि पूल राहिला बाजूला.

तिसरा-चौथा माझा जीव की प्राण फोटो. नदी समुद्राला मिळते तिकडं सूर्यास्ताच्या वेळी एक माणूस होडीत उभा राहून जाळं फेकतोय, जाळं हवेत पूर्ण गोल उघडलेलं, प्रत्येक थेंबावर सोनेरी ऊन. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून रिटायर झालेले, त्यांना कुठल्याही गोष्टीत आधी काय खटकतं ते दिसतं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा हसून कोणाकडं राहिला?"

हसत होता माझ्याकडं. आता खरं सांगायलाच लागलं. संध्याकाळी होडीवाला आपल्याला तिथं नेतो, तो जाळंवाला काका ठरलेल्या जागी असतो, सूर्य बरोबर मागं येईल अशी होडी लावतो आणि पाच-सात वेळा जाळं फेकतो, मग आपण पैसे देतो. मी दोन लाख दोंग दिले, सातशे रुपयांच्या आतबाहेर. आमच्या होडीत चार कॅमेरे होते, शेजारच्या होडीत सहा. बाबांनी पुढचं विचारलं की मासे? म्हटलं, मासे नाही बाबा. "हं," एवढंच म्हणाले. त्यात फसवणूक काही नाही असं माझं मत आजही आहे, त्या काकांचं ते काम आहे, जाळं ते खरंच सुंदर फेकतात आणि आयुष्यभर मासेमारी केल्याशिवाय तसं येत नाही. पण मी त्या फोटोखाली 'कोळ्यांचं रोजचं जीवन' असं लिहिलं होतं, ते मात्र त्याच रात्री जाऊन खोडलं.

खांद्यावर कावड घेतलेल्या, टोकदार नॉन ला टोपी घातलेल्या मावश्यांचंही तसंच. होई आनच्या जुन्या गावात कॅमेरा नुसता वर केला की मावशी जवळ येते, टोपी तुमच्या डोक्यावर, कावड तुमच्या खांद्यावर, फोटो काढून देते आणि मग केळी घ्या म्हणते. घेतली मी. महाग होती. कावड वाटते त्यापेक्षा कितीतरी जड असते हे मात्र फुकटात कळलं.

चाळीसाव्या फोटोच्या आसपास आई पन्हं आणायला म्हणून उठली आणि मला कळलं की कार्यक्रम पडला. तेवढ्यात बाबांनी माऊस घेतला, दोनदा क्लिक केलं आणि चुकून भलतंच फोल्डर उघडलं, न निवडलेल्या फोटोंचं, वाकडे, हललेले, टेस्ट म्हणून काढलेले. आई पन्ह्याचे ग्लास घेऊन आली आणि दारातच थांबली. "हे काय आहे? हे राहू दे. हे दाखव."

पुढचे साडेतीन तास आम्ही माझा कचरा पाहिला.

तिला थांबवणारा पहिला फोटो एका कॉफीच्या दुकानातला, तोही कॅमेरा टेबलावर ठेवताना बटण दाबलं गेलं म्हणून आलेला. त्यात बुटकी प्लास्टिकची स्टुलं, कोणाचे तरी पाय, आणि दाराशी फरशीवर ठेवलेलं लाल लाकडी देव्हाऱ्यासारखं काहीतरी, आत दोन मूर्ती. आईला ते अजिबात आवडलं नाही. देव खाली जमिनीवर काहून ठेवला? तिथं झाडू लागतो, चपला येतात! मलाही तिथं हाच प्रश्न पडला होता आणि मी दुकानातल्या मुलीला विचारलंही होतं, हे फोटो बघेपर्यंत विसरून गेलो होतो. त्यातला एक ओंग दिआ, म्हणजे जमिनीचा देव, ढेरपोट्या, हसरा, आणि दुसरा थान ताय, धनाचा देव. जमिनीचा मालक तो, मग जमिनीवरच बसणार ना, त्याला उचलून वर ठेवलं तर तो कशाचा मालक राहिला. दुकानात आल्या-गेल्यावर नजर ठेवायला दाराकडं तोंड. त्याच्यापुढं फळं, अगरबत्ती, आणि फोटो मोठा करून पाहिला तर छोट्या कपात कॉफी. देवाला कॉफी! आईला हे पटलं. आपल्या भुईला आपण पाय लावायच्या आधी हात लावतोच की, म्हणाली, आणि पुढच्या प्रत्येक दुकानाच्या फोटोत ती खाली कोपऱ्यात ओंग दिआ शोधायला लागली. अकरा सापडले. मी एकही मुद्दाम काढला नव्हता.

मग नुसते पांढरे फोटो, एकापाठोपाठ एक पस्तीस. बाबा म्हणाले, धुकं का? धुकं नाही, माझा मूर्खपणा. पहाटे पावणेपाचला मासळीबाजार गाठायचा म्हणून रात्रभर एसीत गारठलेला कॅमेरा घेऊन तडक बाहेर पडलो आणि बाहेरच्या दमट हवेत लेन्सवर आतून-बाहेरून पाणीच पाणी. थंड काचेवर दमट हवा आली की दव धरणारच. पुसलं की परत. बाजारात बर्फाच्या पेट्या उतरून राहिल्या, बायका उकिडव्या बसून मासे वेगळे करून राहिल्या, आरडाओरडा, डोक्याला लावलेले टॉर्च, मी आजवर पाहिलेला सगळ्यात भारी उजेड, आणि माझ्याकडं पस्तीस पांढरे चौकोन. अर्ध्या तासानं काच गरम झाली तोवर सौदे उरकले होते. नंतर शहाणा झालो, रात्री कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बाथरूममध्ये ठेवायचो, तिथं एसी पोचत नाही. नागपूरच्या माणसाला हे सुचतच नाही, कारण आपली गरमी कोरडी, म्हणून तर आपला कूलर चालतो, हवेत पाणी मावायला जागा असते. तिथं कूलर लावला तर खोलीत नुसता चिखल व्हायचा. बाबांनी कूलरकडं कौतुकानं पाहिलं.

भाजीबाजाराच्या फोटोत आईनं जुड्या ओळखायचा खेळ सुरू केला. होई आनजवळ चा क्वे नावाचं भाज्यांचं गाव आहे, तिथं नदीतलं शेवाळ काढून वाफ्यांना खत म्हणून घालतात, पुदिन्याचे आणि तुळशीचे इतके प्रकार की मला सगळं एकच दिसत होतं. आई उठून टीव्हीपर्यंत गेली आणि एका जुडीवर बोट ठेवून म्हणाली, "हा सांबार आहे." (पुण्यामुंबईच्या लोकांनो, आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नाही.) भाजीवाल्या बाईशी बोलला का, हा पुढचा प्रश्न. बोललो ना. त्यांच्या भाषेत नुसतं 'तुम्ही' म्हणून भागत नाही, समोरचा वयानं मोठा आहे की लहान ते बघून ताई, दादा, काकू, काका म्हणायचं आणि स्वतःलाही त्याच हिशोबानं धाकटा भाऊ किंवा भाचा म्हणायचं. म्हणून ओळख व्हायच्या आधीच लोक वय विचारतात, मला पहिल्या दिवशी तीन जणांनी विचारलं तेव्हा मी उगाच लाजलो होतो. 'चि ओय' म्हणजे ओ ताई, 'को ओय' म्हणजे ओ काकू. माझा सूर चुकायचा आणि त्या भाषेत सूर चुकला की शब्दच बदलतो, पण 'को ओय' म्हटलं की काकू वळून बघायची आणि मग कॅमेरा दाखवून मान हलवली की हो किंवा नाही कळायचं. नाही आलं तर काढायचा नाही. भाजीवालीनं नाही म्हटलं होतं, म्हणून तर फोटोत नुसती जुडी आहे.

टोपलीच्या होडीवर तर अर्धा तास गेला. ही थुंग चाय, बांबूच्या कामट्यांची विणलेली अगदी गोल होडी, किनाऱ्यावर सगळीकडं पालथ्या पडलेल्या असतात, मोठ्या बोटीपासून काठापर्यंत ये-जा करायला वापरतात. फ्रेंचांच्या काळात होडीवर कर होता म्हणून लोकांनी ही टोपली काढली, होडी नाहीच तर कर कशाचा, असं तिथं सगळेच सांगतात. टुरिस्टला बसवून गरगर फिरवतात त्या वेगळ्या, ते फोटो आईनं पाहिले पण नाहीत. हा फोटो दा नांगच्या किनाऱ्यावरचा, एक म्हातारे बाबाजी पालथ्या टोपलीला ब्रशनं काळपट-तपकिरी काहीतरी फासून राहिले, मी फक्त हात आणि ब्रश घेतला होता आणि फोकस हातावर न येता विणीवर आला म्हणून फेकला होता. विण मात्र अशी आली होती की कामटी कामटीखालून कशी गेली ते मोजता येईल. आई म्हणाली, आपली बुरूड लोकांची सुपं-टोपल्या अशाच, पण आपण शेणानं सारवतो. तिथंही काही जण शेण लावतात, आणि वरून झाडाचा चीक, दाऊ राय म्हणतात त्या झाडाचा. जंगलात खोडाला खाच पाडून चीक काढतात, तो वाळला की पाणी आत येत नाही. "वास कसा येते?" वार्निशसारखा, जरा गोडसर. हे मला आठवलं याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

तर मी सॉन. इंग्रजीत लिहिलेलं वाचून बाबा म्हणाले, माय सन? म्हणजे तू? नाही, मी सॉन, म्हणजे सुंदर डोंगर, होई आनपासून चाळीसएक किलोमीटर. चंपा म्हणजे तिथलं जुनं हिंदू राज्य, त्याच्या राजांची देवळं. चौथ्या शतकाच्या शेवटी भद्रवर्मन राजानं इथं भद्रेश्वर नावानं शिवलिंग बसवलं, आधीचं लाकडी देऊळ जळालं, मग सातव्या शतकापासून विटांची देवळं बांधत गेले, शिलालेख संस्कृतात. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बफेकीत सगळ्यात मोठं देऊळ पडलं, खड्डे आजही दिसतात, त्यात गवत आहे आणि गाई चरतात. आपल्या पुरातत्त्व खात्याची टीम तिथं काही वर्षं काम करत होती, २०२० मध्ये त्यांना मातीखाली नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं, तेव्हा बातमी आली होती. आईनं हात जोडले. माझे निवडलेले फोटो सकाळच्या तिरप्या उन्हातले, देऊळ, धुकं, डोंगर, एकदम पोस्टकार्ड. बाबांनी थांबवला तो मात्र मी कॅमेऱ्याची सेटिंग बघायला भिंतीला लेन्स चिकटवून काढलेला. नुसत्या विटा.

"झूम कर. अजून." मग ते स्वतः टीव्हीजवळ गेले, आता आई-बाबा दोघंही टीव्हीला नाक लावून. "यात माल कुठं आहे?" माल म्हणजे विटांमधला चुना-सिमेंट. नाहीच. विटा एकमेकींवर अशा बसल्यात की जोडात ब्लेड जायचं नाही. बाबांनी आयुष्यभर ठेकेदारांच्या भिंती तपासल्या, जाड जोड दिसला की पाडायला लावायचे, ते गप्पच झाले. मग म्हणाले, मनसर आठवते का? आठवतं ना. मी सहावी-सातवीत होतो, रामटेकला जाताना त्यांनी स्कूटर मनसरच्या टेकडीवर नेली होती, वाकाटकांच्या काळातलं विटांचं बांधकाम, पाचव्या शतकातलं, उन्हात मला तहान लागली होती आणि हे विटा मोजून राहिले होते. म्हणजे इकडं आपल्याकडं वाकाटकांचं राज्य चालू आणि साधारण त्याच सुमाराला तिकडं भद्रवर्मन, दोघंही शंकराला मानणारे, दोघांचेही लेख संस्कृतात. मी दोन तास मी सॉनमध्ये फिरलो आणि मला मनसर एकदाही आठवलं नाही, हे काही बाबांना सांगितलं नाही.

"चिकटवल्या कशानं मग?" याच्यावर तिथले आणि बाहेरचे बरेच अभ्यासक भांडत आलेत, पण एक मोठं मत असं की झाडाचा चीक. कुठल्या झाडाचा तर दाऊ राय. हे मी बोलून गेलो आणि आई वळली. "तोच? टोपलीवाला?"

तोच. मी हे दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं होतं आणि दोन्ही कधी जोडलंच नव्हतं. आईनं बाबांना मागचा फोटो परत लावायला लावला, टोपली, मग विटा, मग टोपली. दोन्ही फोटो मी डिलीट करणार होतो.

बाकी भराभर झालं. दा नांगच्या टेकडीवरची समुद्राकडं बघणारी ६७ मीटरची पांढरी मूर्ती पाहून आईला वाटलं बुद्ध बाईच्या रूपात कसा, तर ती क्वान आम, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्यातला पद्मपाणी तोच, चीनमध्ये जाता जाता स्त्रीरूप झाला. दीक्षाभूमी ज्या गावात आहे तिथल्या माणसाला हे तिकडं जाऊन कळावं, असो. न्या चांगच्या ट्रेनचे फोटो सगळे हललेले, मीटर गेजची गाडी, पाळण्यात झोपवल्यासारखी हलते. न्या चांगला पो नगरचे विटांचे बुरुज आहेत, नदीच्या तोंडाशी टेकाडावर. पो नगर म्हणजे देशाची मालकीण, त्यातला 'नगर' हा आपलाच. मुख्य देवळाच्या दारावर दगडात कोरलेली महिषासुरमर्दिनी, आत दहा हातांची देवी, आता व्हिएतनामी लोक तिला आपलीच माता म्हणून रेशमी कपडे नेसवतात. हाफ पँटवाल्यांना बाहेर अंगरखे देतात, मी पण घातला. आत खूप बायका डोळे मिटून उभ्या होत्या, मी कॅमेरा काढलाच नाही, त्यामुळं दाखवायला काही नव्हतं. आईनं विचारलं, दिसते कशी? म्हटलं कोराडीच्या देवीसारखी शांत नाही, पण तशीच गर्दी. तिला तेवढं पुरलं.

शेवटी आई म्हणाली, एक फोटो मला पाठव, भिशीच्या ग्रुपवर टाकते. मी कंदिलांचा काढायला लागलो. "तो नको. तो स्कूटरवाल्यांचा." कुठला ते मलाच आठवेना, शोधावा लागला. सिग्नलला थांबलेल्या सात-आठ स्कूटर, सगळ्या मुली-बायका, डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेल्या, तोंडाला मास्क, हातात लांब मोजे, वरून जॅकेट, कमरेला कापड, फक्त डोळे दिसतात. तिथं ऊन लागून काळं व्हायला कोणालाच आवडत नाही. रस्ता ओलांडताना घाबरून उभ्या-उभ्या काढलेला, कोपऱ्यात माझं बोट आलंय.

आईनं खाली स्वतः टाईप केलं, 'ओळखा पाहू कुठलं'. पाच मिनिटांत सहा उत्तरं आली. एका काकूंनी वर्धा रोड लिहिलं, एकीनं मेडिकल चौक, आणि आत्यानं लिहिलं की दुसऱ्या स्कूटरवाली शेजारच्या चिंटूची बायको वाटून राहिली.

आईनं अजून खरं सांगितलं नाही.